कार्ड आमचं, किल्ली कंपनीची

"लिनक्स टाकलंत ना, मग भोगा." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याचं उत्तर एकदाच लिहून टाकतो. बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यातले निम्मे माझे मित्र आहेत, आणि त्यांच्या मशीनमध्ये चोरीचं विंडोज आहे. पण "भोगा" म्हणताना ते दोष भलत्याच्या माथी मारतात, आणि खरा दोषी बाजूला उभा राहून मजा बघतो. माझं भांडण त्या खऱ्या दोषीशी आहे. थोडं मित्रांशीही आहे, आणि थोडं लिनक्सवाल्यांशीही.

वेळापुरात आमच्या दुल्हाभाईंचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे बोर्ड. डिझाइन इथे करायचं आणि छपाईला फाइल अकलूजला पाठवायची. वर्षातला मोठा हंगाम आषाढातला. खुडूसचं रिंगण आटोपून माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते, त्याआधीच्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मंडळ, पतसंस्था, दूध डेअरी, सगळे पक्ष आणि त्यांचे सगळे गट, प्रत्येकाला स्वागताचा फ्लेक्स हवा असतो. फोटोतल्या चेहऱ्यांचा क्रम तीनदा बदलतो. कुणाचा चेहरा कुणापेक्षा दोन सेंटिमीटर मोठा झाला यावरून भांडणं होतात. ते सगळं आवरून फाइल रात्री दहाच्या आत अकलूजला गेली नाही तर सकाळी फ्लेक्स लागत नाही, आणि पालखी कुणासाठी थांबत नाही.

दुकानातला सीपीयू पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेला. चांगला आहे, पण त्याचा प्रोसेसर सातव्या पिढीचा. विंडोज ११ अधिकृतपणे त्याच्यावर बसत नाही, आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्याच्या बऱ्याच आधी एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून काहीतरी आलं आणि दुकानाच्या दोन वर्षांच्या फाइल्स घेऊन गेलं. तेव्हा माझ्या भाचीने, ती बी.एस्सी. कॉम्प्युटर करते, विंडोज काढून लिनक्स टाकलं. इंकस्केप, गिंप आणि व्हिडिओसाठी केडेनलाइव्ह. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप'ने मोकळे सोडलेले बलू आणि मुक्ता. वाढदिवसाचे स्टेटस व्हिडिओ लवकर तयार व्हावेत म्हणून अठ्ठावीसशे रुपयांत एक जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं. कंपनी कुठली ते लिहीत नाही. त्या दिवशीची चूक कंपनीची नव्हती, ते पुढे येईलच.

पालखी चार दिवसांवर असताना एका सकाळी मशीन सुरू केलं आणि पडदा काळा. कंपनीचा लोगो येतो, थोडं काहीतरी चमकतं, मग काळोख. भाची शिकवणीला गेलेली. दुल्हाभाईंनी जवळच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दोनदा बंद-चालू केलं आणि निदान सांगितलं: लिनक्समुळे कार्ड उडालं. फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, हजार रुपये, कार्डाचे वेगळे. त्याच्या फॉरमॅटमध्ये सोळा अर्धवट फ्लेक्स गेले असते. आपाने त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मला फोन केला.

मी संगणकाचा माणूस नाही. मराठी लिहिण्यासाठी पंधरा वर्षं लिनक्स वापरतो, एवढीच माझी पात्रता. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकलो: काळा पडदा म्हणजे मेलेलं मशीन नव्हे. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघायचं. दिवा लागत-विझत असेल तर आत बहुतेक सगळं जिवंत आहे, फक्त ते आपल्याला दाखवणारा कुणी नाही. दिवा लागला. त्यानंतर मॉनिटरची केबल बघितली. ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये आहे की कार्डाच्या, हे हसण्यावारी नेऊ नका. साफसफाईत केबल काढून पुन्हा चुकीच्या जागी लावणं हे निम्म्या 'उडालेल्या' कार्डांचं कारण असतं. आमची बरोबर होती. मग कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबलं. काळ्यावर पांढरी अक्षरं आली आणि मशीनने नाव विचारलं. म्हणजे कार्ड चित्र पाठवत होतं. उडालेलं कार्ड अक्षरं दाखवत नाही.

तोवर भाची आली. तिने मशीन पुन्हा सुरू करताना एस्केप दाबून सुरुवातीची यादी काढली आणि आधीचा, जुना कर्नल निवडला. दीड मिनिटात डेस्कटॉप समोर, सोळाच्या सोळा फाइल्स जागेवर. दुल्हाभाईंनी लगेच फोन उचलला आणि अकलूजला "आज येतायत, आज येतायत" सुरू केलं. (ज्यांच्याकडे जुना कर्नल शिल्लक नसेल त्यांनी त्याच यादीत 'ई' दाबावं, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द जोडावा आणि एफ१० दाबावं. चित्र मोठं आणि भसाडं येईल, पण बहुधा येईल. तो बदल त्या एका वेळेपुरता असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.)

काम सुरू झालं होतं, तिथे थांबता आलं असतं. पण भाचीला कारण हवं होतं, आणि मला ती त्यासाठीच आवडते. रात्री फाइल्स गेल्यावर आम्ही बसलो. या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा असतो. कर्नल बदलला की ड्रायव्हरचा एक भाग, ज्याला मॉड्यूल म्हणतात, त्या नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. ते काम आपोआप होतं, पण त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइल्स मशीनवर लागतात. आदल्या रात्री अपडेटमधून नवा कर्नल आला होता, हेडर आले नव्हते. का आले नव्हते? कारण रमजानमध्ये मी आलो असताना डिस्क भरली होती, आणि मोठ्या शहाणपणाने "हे कशाला लागतंय" म्हणत ज्या पॅकेजच्या जोरावर ते हेडर येतात तेच मी काढून टाकलं होतं. मॉड्यूल बांधलं गेलं नाही, कार्डाला ड्रायव्हर मिळाला नाही, पडदा काळा. भाचीने नोंद वाचून दाखवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मामू, हे तुम्हीच केलंत." मी केलं होतं. कबूल.

मग माझं भांडण कशासाठी, असं तुम्ही विचाराल. भांडण याच्यासाठी की हा सगळा उपद्व्याप मुळात असायलाच नको होता. त्याच सीपीयूत साउंड आहे, नेटवर्कचं कार्ड आहे, यूएसबी आहे. मी किती हेडर काढले तरी त्यांना काही झालं नाही. त्यांचे ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच आहेत. कर्नलचा नवा आकडा दर नऊ-दहा आठवड्यांनी येतो. त्यात आतली रचना बदलली तर जो ती बदलतो त्यालाच पोटातले सगळे ड्रायव्हर नव्या रचनेला जुळवून द्यावे लागतात. ही तिथली रीत आहे. पण जुळवून द्यायला तो कोड समोर असावा लागतो. ज्या कंपनीने कोड झाकून ठेवला तिचा ड्रायव्हर बाहेर राहतो, आणि बाहेर राहणाऱ्याला दर अपडेटला दार ठोठवावं लागतं. एके दिवशी दार उघडत नाही. त्या दिवशी वेळापूरच्या दुकानात पालखी चार दिवसांवर असते.

हे दुखणं नवं नाही. मोकळ्या सॉफ्टवेअरची सगळी चळवळच एका ड्रायव्हरच्या भांडणातून उभी राहिली, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. १९८०च्या आसपास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सोय केली होती की कागद अडकला की मशीनवर बसलेल्यांना निरोप जाईल. नव्यात ती करता येईना, कारण कोडच दिलेला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता त्याने, कुणाला न दाखवण्याचा करार केलाय म्हणून, द्यायला नकार दिला. १९८३ साली स्टॉलमन यांनी जीएनयूची घोषणा केली. कागद अडकल्याचा राग माणसाला कुठवर नेतो बघा. मला तो राग समजतो.

ग्राफिक्सच्या बाबतीत हा इतिहास सगळ्यात कडू आहे, आणि त्यात एनव्हिडियाचं नाव टाळता येत नाही. या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, हे खरं. तो वेगवान होता, हेही खरं. पण बंद. म्हणून काही स्वयंसेवकांनी चिपला प्रश्न विचारून, तिची उत्तरं टिपून, अंधारात चाचपडत स्वतःचा ड्रायव्हर लिहिला: नुव्हो. फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'नवा'. २०१०च्या सुरुवातीला आलेल्या कर्नलमध्ये तो सामील झाला. चारचौघांनी घराच्या बाहेर उभं राहून, भिंतीला कान लावून आतला नकाशा काढावा तसं ते काम. नकाशा बऱ्यापैकी जमला. मग २०१४मध्ये आलेल्या ९०० मालिकेपासून कंपनीने सही असलेल्या फर्मवेअरशिवाय चिपचे महत्त्वाचे भाग चालणार नाहीत अशी व्यवस्था केली. परिणाम असा की त्या कार्डांवर नुव्होला वेग वाढवताच येत नाही, कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवर अडकून राहतं. पैसे दिलेत, गाडी दारात आहे, गिअर पहिलाच. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात या कंपनीबद्दल प्रश्न आला, तेव्हा त्यांनी कॅमेऱ्यासमोर जी बोटाची खूण केली ती जगभर गाजली. मला ती खूण आवडत नाही, आमच्या घरात कुणी केली असती तर आपाने मुस्कटात दिली असती. पण ती कशामुळे आली हे सांगायला नको.

दुसरी वाट होती, हे दाखवून देणारेही याच बाजारात होते. इंटेलचे ड्रायव्हर खूप आधीपासून मोकळे. एएमडीने २००६ साली एटीआय विकत घेतली आणि २००७मध्ये चिपची कागदपत्रं खुली करायचं ठरवलं. २०१५ साली त्यांचा आजचा ड्रायव्हर कर्नलमध्ये गेला. त्याने एएमडी बुडाली नाही. त्यांचंही फर्मवेअर बंदच आहे, तेव्हा त्यांना फकीर ठरवायची गरज नाही. पण ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे, आणि दुकानदाराला तेवढं पुरतं.

एनव्हिडियानेही २०२२च्या मे महिन्यात आपली कर्नल मॉड्यूलं मोकळी केली. स्वागत. पण ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांपुरतीच, म्हणजे साधारण २०१८नंतरच्या. आणि वरचा थर, ज्याच्यात खरी कारागिरी आहे, तो बंदच. त्याआधीच्या कार्डांचं काय? २०१०मधल्या फर्मी पिढीचा शेवटचा ड्रायव्हर २०२२च्या अखेरीस निवृत्त झाला. २०१२मधल्या केप्लर पिढीचा २०२४मध्ये. ती कार्डं लोकांच्या मशीनमध्ये आहेत, चालतायत, पंखे फिरतायत. नवा कर्नल आला आणि जुना ड्रायव्हर त्याच्यावर बांधला गेला नाही तर कंपनी काही करणार नाही. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर पूर्ण कोड देणारही नाही. याच्या शेजारी हे ठेवा: २००२ साली बाजारात आलेल्या रेडिऑन ९७००च्या चिपसाठीचा मोकळा ड्रायव्हर आजही जिवंत आहे. ते कार्ड माझ्या भाचीपेक्षा वयाने मोठं आहे.

इथे एक शहाणा आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. लोक म्हणतात, दोष कर्नलवाल्यांचा आहे. त्यांनी आतली रचना सारखी बदलू नये, म्हणजे बाहेरचा ड्रायव्हरही वर्षानुवर्षं चालेल. विंडोजवाले तसंच सांभाळतात. मुद्दा खोटा नाही. दुकानदाराला काळा पडदा कुणाच्या तत्त्वामुळे आला याच्याशी देणंघेणं नसतं. पण जरा पुढचा विचार करा. रचना गोठवली तर फायदा कुणाचा? ज्याने कोड झाकलाय त्याचा. आणि विंडोजवर तरी काय होतं? आमच्याच सीपीयूचं उदाहरण घ्या. यंत्र धडधाकट, आणि एका तारखेला वरून फर्मान आलं की तू आता नको. तिथे रचना सांभाळणारे आणि मशीन निकामी ठरवणारे एकच आहेत. निदान इथे जुना कर्नल निवडायची यादी माझ्या हातात होती.

मी हे आमच्या गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला सांगून बघितलं. त्याला ड्रायव्हर म्हणजे काय ते अर्ध्या मिनिटात कळलं, जे शिकलेल्यांना कळत नाही. उसाच्या पट्ट्यात विहिरीवरची मोटार जळते, ती त्याच्याकडे येते. तो जुनं वाइंडिंग काढताना तारेचा गेज बघतो, वेढे मोजतो, कनेक्शन कागदावर उतरवून घेतो आणि तसंच नवं भरतो. मोटार कुठल्या का कंपनीची असेना. कंपनी बंद पडलेली असली तरी मोटार चालते. मी म्हटलं, समजा कंपनीने वेढे मोजायलाच बंदी घातली, वर स्टेटरवर असं कुलूप घातलं की आमच्या सहीच्या तारेशिवाय मोटार एक चतुर्थांश वेगानेच फिरेल? तो म्हणाला, "मग ती मोटार विकत घेतली कुठं? भाड्यानंच आणली की." याच्यापेक्षा नीट मला सांगता येणार नाही.

आणि मराठी माणसाला तर हे कुलूप नवं नसावं. युनिकोडच्या आधीचे खासगी फॉन्ट आठवा. प्रत्येकाचा स्वतःचा गुप्त नकाशा, 'क' कुठल्या रोमन अक्षराच्या जागी बसवलाय ते त्यालाच ठाऊक. पत्रिका एका दुकानात टाइप करायची आणि दुसऱ्या दुकानात उघडली की रोमन अक्षरांची भेळ. किती संस्थांचे अंक, किती लेखकांची पुस्तकं अशा फाइल्समध्ये अडकून पडली. १९९१मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आली, पण आपल्या डीटीपीच्या दुकानांत ती पोचायला वीस वर्षं लागली, आणि काही दुकानांत अजून पोचायची आहे. तिने आपली सुटका केली ती ती फार हुशार होती म्हणून नव्हे. तिचा तक्ता सगळ्यांसमोर होता, म्हणून. ज्या समाजाने आपली अक्षरं अशी गहाण पडलेली बघितली त्याने "ड्रायव्हर बंद असला म्हणून काय बिघडलं" म्हणावं याचं मला नवल वाटतं.

आता लिनक्सवाल्या बंधूंकडे वळतो. भाचीने कार्ड पहिल्यांदा बसवलं तेव्हा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं गेलं. मशीन पुन्हा सुरू झालं आणि एक निळा पडदा आला. इंग्रजीत चार पर्याय आणि वर उलटे आकडे मोजणारं घड्याळ. ती घाबरली, एंटर दाबला, पडदा गेला, आणि ड्रायव्हर काही चालेना. सिक्युअर बूटची ती पायरी होती. बाहेरच्या मॉड्यूलची सही मशीनला ओळखीची करून द्यायची, नाहीतर मशीन त्याला दारातूनच परत पाठवतं. हे आयुष्यात बहुधा एकदाच करावं लागतं, पण ते दहा सेकंदांत आणि परक्या भाषेत. तिने जाणकारांना विचारलं. एकाने उत्तर दिलं, आधी वाचायला शिक. दुसऱ्याने विचारलं, हे कार्ड घेतलंसच कशाला. अहो, घेतलं कारण अठ्ठावीसशेत तेच मिळत होतं. जुन्या बाजारात माणूस तत्त्व बघून वस्तू घेत नाही, खिसा बघून घेतो. डेस्कटॉपचे मेनू तुम्ही मराठीत आणलेत, पुण्यातल्या मंडळींनी त्यासाठी घाम गाळला, त्याचं मोल मला आहे. पण बिघाड झाला की यंत्र अजून इंग्रजीतच ओरडतं, आणि माणसाला आपल्या भाषेची गरज नेमकी ओरडण्याच्या वेळी असते.

सरकारकडे वळलं की राग येण्याऐवजी कंटाळा येतो. एमकेसीएल २००१ साली निघाली. एमएस-सीआयटीने गावोगावच्या लाखो लोकांना माउस धरायला शिकवलं, आमच्या घरात तिघांकडे ते सर्टिफिकेट आहे. पण शिकवलं ते विंडोज आणि ऑफिस. कुठल्या बटणावर क्लिक करायचं ते. क्लिक केल्यावर काही झालं नाही तर कुठे बघायचं, ते नाही. केरळने २०००नंतरच्या दशकात शाळांमधलं संगणक शिक्षण लिनक्सवर नेलं, तिथली दहावीची मुलं त्याच्यावर परीक्षा देतात. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी कामात मोकळं सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण काढलं. छान. पण मोकळं सॉफ्टवेअर बंद ड्रायव्हरच्या खुंटीला टांगलं तर ते किती मोकळं राहणार? शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी, तलाठी कार्यालयासाठी मशीन घेताना निविदेत एक ओळ घाला: प्रत्येक भागाचा ड्रायव्हर कर्नलच्या आत असला पाहिजे. एवढी एक ओळ. पैसा आमचा आहे. मोठी ऑर्डर हातची जाईल म्हटल्यावर कंपन्यांना कागदपत्रं सापडतात.

आणि ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स आहे. तिथे माझं म्हणणं असं की ड्रायव्हर हा सुटा भाग धरा. ट्रॅक्टरची कंपनी मॉडेल बंद केल्यावर सुटे भाग द्यायला टाळाटाळ करते तेव्हा आपण बोंब मारतो. कार्डाची कंपनी ड्रायव्हर बंद करते तेव्हा का नाही? तुम्हाला परवडत नसेल तर सांभाळू नका, सक्ती नाही. पण ज्या दिवशी हात काढून घ्याल त्या दिवशी कोड आणि चिपची कागदपत्रं बाहेर ठेवा, पुढचं ज्याला जमेल तो बघेल. यात कंपनीचं काय जातं? व्यापारी गुपित म्हणतात. ज्या कार्डाला तुम्ही स्वतः जुनाट म्हणून टाकलंत त्याचं कसलं आलंय गुपित? पुण्यातसुद्धा या कंपन्यांचे अभियंते बसतात. आमच्या जिल्ह्यातली मुलं तिथे नोकरीला आहेत. त्यांनी लिहिलेलं त्यांच्याच गावातल्या मुलीला वाचता येत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

"चोरीचं विंडोज फुकट चालतंय की" म्हणणाऱ्या मित्रांना मी फार बोलणार नाही. पेनड्राइव्हने दोन वर्षांच्या फाइल्स नेल्या तेव्हा दुल्हाभाई तीन दिवस जेवले नव्हते. फुकटाचा हिशेब त्यांना विचारा.

पालखी वेळेवर आली, फ्लेक्सही वेळेवर लागले. दोन चेहऱ्यांच्या आकारावरून भांडण झालंच, पण ते माणसांचं होतं. हेडरचं पॅकेज मी स्वतःच्या हाताने परत टाकलं आणि नवा कर्नल चालू झाला. नंतर भाचीने थोडे पैसे घालून दुसरं, तितकंच जुनं कार्ड शोधलं, ज्याचा ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे. ते बसवताना काहीच टाकावं लागलं नाही. लावलं, मशीन सुरू केलं, चित्र आलं. दुल्हाभाईंना वाटलं काहीतरी राहिलंय.

जुनं कार्ड गल्ल्याखालच्या खणात आहे. भाचीने दुकानात एक वही केलीय, मराठीत. पहिल्या पानावर कॅप्स लॉकचा दिवा, दुसऱ्यावर केबल, तिसऱ्यावर जुना कर्नल कसा निवडायचा, चौथ्यावर तो निळा पडदा आणि त्यावर कुठला पर्याय निवडायचा ते, बाण काढून. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: पालखीच्या आठवड्यात अपडेट करायचं नाही, आणि मामूंना डिस्क साफ करू द्यायची नाही. परवा तो दुरुस्तीवाला दुकानात आला होता, त्याने ती वही मागून झेरॉक्स काढून नेली.